व्हर्ना स्टाखोव्याकची नळी

व्हर्ना स्टाखोव्याक मांसाच्या काउंटरवर उभी राहून हॅम कापून घेत होती. "पातळ काप गं. मागच्या वेळी चपलेच्या तळासारखे तुकडे दिले होतेस," असं ती काउंटरवरच्या बाईला सांगत होती, तेवढ्यात मागच्या माणसाने तिच्या खांद्यावर बोट टेकवलं.

"माफ करा हं, पण ही खरी आहे का?"

व्हर्ना मानेला लावलेली नळी न काढताच वळली. "काय खरी? मी?"

"नाही, तुमच्या हातातली ती. चाक मूळचंच आहे? जरा बघू?"

"माझं बोलून होईपर्यंत थांबा," व्हर्ना म्हणाली, "आणि झाल्यावर घरी जा."

कॅन्सरपायी तिचं स्वरयंत्र काढलं त्याला वीसहून जास्त वर्षं झाली होती. तेव्हापासून ही टॉर्चएवढी, चकचकीत क्रोमची नळी तिच्या उजव्या हातात असे. नळीचं तोंड मानेला टेकवलं की आतली चकती थरथरायची, आणि त्या गुणगुणीला व्हर्ना जीभ-ओठ हलवून शब्दांचा आकार द्यायची. अंगठ्याखाली एक बारकं चाक होतं. ते फिरवलं की आवाज वर-खाली जायचा. प्रश्न विचारणं, टोमणा मारणं, नातीच्या वाढदिवसाला बेसूर गाणं, सगळं त्या चाकाच्या जोरावर. आजारपणाआधी ती व्हॅन नाइसच्या एका टॅक्सी कंपनीत रेडिओवर बसायची. त्या भागातला प्रत्येक ड्रायव्हर तिच्या आवाजाला वचकून असे. नव्या आवाजालाही लोक वचकतील इथपर्यंत तिने हे चाक घोटून घोटून हातात बसवलं होतं.

पूर्वी लोक तिच्या गळ्यातल्या भोकाकडे टक लावून बघत. ते उद्धटपणाचं होतं खरं, पण निदान ते माणसाकडे बघत होते. आता भोकाकडे कुणाचं लक्ष नसे. बघत ते नळीकडे.

त्याला कारण एक फिल्म. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अंतराळातल्या लढायांची एक फिल्म आली होती. तिच्या नायिकेच्या हातात एक दांडा असतो आणि त्यातून निळा प्रकाश निघतो. फिल्मचं सामान बनवणाऱ्याने तो दांडा दवाखान्याच्या भंगारात मिळालेल्या अशाच नळीचा केला होता. हे कुणीतरी अलीकडे शोधून काढलं, आणि हुबेहूब दांडा बनवणाऱ्यांची झुंबड उडाली. नळी बनवणारा ओहायोतला छोटासा कारखाना केव्हाच बंद पडला होता. होत्या नव्हत्या त्या नळ्या या लोकांनी शोधशोधून विकत घेतल्या. करवतीने मुंडकं उडवायचं, आतली चकती आणि तारा कचऱ्यात टाकायच्या आणि आत दिवा बसवायचा. झाला दांडा तयार.

अशात व्हर्नाच्या मुलीने, जोलीनने, आईच्या वाढदिवसाचा फोटो इंटरनेटवर टाकला. फोटोत केक होता, नात होती आणि नळी होती. त्या दिवसापासून रेसीडातल्या त्या घरी फोन थांबेनात.

"विकून टाक ना, ममा," जोलीन म्हणाली. "किती देतायत बघ तरी. विम्याकडून मिळालेली ती दुसरी नवी पडलीय की कपाटात."

"ती? ती एका सुरात रडते. तिच्यातून मी बोलले की लिफ्ट बोलतेय असं वाटतं."

"मग त्यांचे फोन उचलू नकोस."

"उचलणार. उचलून शिव्या देणार. वीस वर्षांत पहिल्यांदा लोक आपणहून मला फोन करतायत."

शेवटी एके दुपारी तिने जोलीनला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि त्या मंडळींच्या चर्चेच्या पानावर लिहायला लावलं. 'तुम्ही ज्याला दांडा म्हणता ते एका माणसाचं बोलणं आहे. ते कापताना तुमचा हात कसा धजतो?' एवढंच. पण त्या पानावर आधीच दोन तट पडले होते. एक कापणाऱ्यांचा, दुसरा 'दुर्मीळ वस्तू कापू नका' म्हणणाऱ्यांचा. दुसऱ्या तटाला आयतीच देवी मिळाली.

त्यांचा पुढारी प्रेस्टन हॅलम पॅसाडेनाहून लिंबाचा केक घेऊन भेटायलाच आला. गोरापान, हळू बोलणारा, पन्नाशीचा गृहस्थ. तो निमूट ऐकून घेई, मध्येच वाक्य तोडत नसे. व्हर्नाला तो आवडला.

"माझ्याकडे तीन आहेत," तो अदबीने म्हणाला. "मूळ खोक्यात. एकदाही चालू न केलेल्या. त्या मी जिवापाड जपतो, मिसेस स्टाखोव्याक."

बर्बँकच्या एका हॉटेलात त्या लोकांचा वार्षिक मेळावा भरला, तेव्हा प्रेस्टनने व्हर्नाला स्टेजवर बसवलं. हॉल गच्च भरला होता. अर्ध्या लोकांच्या अंगावर अंतराळातले पोशाख. व्हर्नाने नळी मानेला लावली, चाक वर सरकवलं आणि टॅक्सी ड्रायव्हरांना झाडायची तशी सगळ्यांना झाडली. कापणाऱ्यांत सगळ्यात नावाजलेला ड्वेन रकर्ट पुढच्याच रांगेत बसला होता. टायरच्या दुकानात काम करणारा हा दांडगा माणूस सुट्टीच्या दिवशी आपल्या गॅरेजमध्ये दांडे बनवायचा. कुणीतरी बोटाने तो दाखवून दिला, मग काय!

"तूच ना तो? खाटीक तरी बरा. तो निदान मेल्यावर कापतो."

टाळ्यांनी हॉल दणाणला. ड्वेनचे कान लाल झाले. तो खाली मान घालून बसला आणि मधल्या सुट्टीत निघून गेला. व्हर्ना त्या दिवशी फार खुशीत घरी आली.

मेळाव्याला काही आठवडे उलटले असतील. सकाळी कॉफी घेताना ती मांजराला शुक् म्हणायला गेली आणि नळीतून नुसता खरखराट निघाला. डबड्यात खिळा हलवल्यासारखा. बॅटरी बदलली, पुसली, आपटली. तरी खरखर तीच.

व्हॅन नाइसला हागोप तेर्झियानचं रेडिओ आणि कानाची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. दोघांची ओळख टॅक्सी कंपनीच्या दिवसांपासूनची. हागोपने नळी उघडली, भिंगातून पाहिलं आणि जिभेने चक् केलं.

"चकतीला चीर गेलीय. ही मिळत नाही कुठे. अशाच दुसऱ्या नळीतली हवी."

व्हर्नाने विम्याची नळी गळ्याला लावली. "तू बनव ना."

"व्हर्ना, मी काय देव आहे? कुठल्या धातूची आहे तेच मला कळत नाही. आणि हे असं बोलू नकोस बाई, स्टेशनवरची घोषणा ऐकल्यासारखं वाटतं."

"बघ! मी पोरीला तेच सांगत होते!"

पण तिला फार काळजी नव्हती. प्रेस्टनकडे तीन होत्या. तिने त्याला फोन लावला. एका सुरातल्या त्या आवाजात तिला सगळं दोनदा सांगावं लागलं.

"मिसेस स्टाखोव्याक, मला फार वाईट वाटतंय. पण ती खोकी अजून सीलबंद आहेत."

"मग फोडा."

"सील तुटलं की ती वस्तू ती वस्तू राहत नाही. तुम्हालाच तर हे सगळ्यात जास्त कळतं. तुम्हीच स्टेजवरून..."

"मी बोलता यावं म्हणून बोलले होते! नुसती चकती द्या. नाहीतर अख्खी विका."

"वापरायला?" प्रेस्टनच्या आवाजात खरंच धक्का होता. "नाही हो. पण मी दुसरं काही करू शकतो. तुमच्या नळीचं नीट मोजमाप घेऊन तिची नक्कल बनवून देतो. बाहेरून तुम्हालाही फरक कळणार नाही."

"आणि आतून?"

"आतून ती... पोकळ असेल."

व्हर्नाला जे बोलायचं होतं त्याला चाक लागत होतं. विम्याच्या नळीतून शिवीसुद्धा प्रार्थनेसारखी निघायची. तिने फोन आपटला. मग पुन्हा उचलून पुन्हा आपटला.

"आता एकच माणूस उरला," जोलीन म्हणाली. "पण त्याला तू खाटीक म्हणालीस."

"खाटकापेक्षा वाईट म्हणाले होते. गाडी काढ."

ड्वेन रकर्ट सिल्मारला राहायचा. गॅरेजचं दार वर होतं आणि आत तो स्टुलावर बसून बीफ बरिटो खात होता. व्हर्नाला पाहून तो उठला, हात पुसले आणि मग हातांचं काय करावं ते न कळून पुन्हा पुसले.

"मॅडम, अजून काही राहिलंय का बोलायचं?"

व्हर्नाने विम्याची नळी मानेला लावून सगळं सांगितलं. ड्वेन ऐकताना जमिनीकडे बघत होता.

"आतलं सामान मी फेकून द्यायचो," तो म्हणाला. "ते कशाचं आहे हे मला माहीतच नव्हतं. खरंच सांगतो. भंगारातला खटकाबिटका असेल असं वाटायचं."

"एकही नाही उरलं?"

ड्वेनने कपाटातून फडक्यात गुंडाळलेली एक नळी काढली. बाहेरून आरशासारखी. "ही शेवटची. पण आत बॅटरी फुटून सगळ्या तारा कुजल्यात. चालायची नाही ही कधी. मुंडक्यातली चकती मात्र धड दिसते."

"मग दे ती काढून!"

"ती अशी निघत नाही. तुमच्या नळीला स्क्रू आहेत. ही त्याआधीची. हिची कड कारखान्यातच वळवून बंद केलीय. मुंडकं कापावं लागेल."

"तर काप."

ड्वेनने नळी फडक्यात परत गुंडाळली. "मी कापणं सोडलं, मॅडम."

व्हर्नाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय सोडलंस?"

"कापणं. त्या दिवशी तुम्ही बोललात ते डोक्यातून जाईना. मी पानावर लिहूनही टाकलं, सगळ्यांसमोर. यापुढे एकही नळी कापणार नाही म्हणून. करवत शेजाऱ्याला देऊन टाकली."

जोलीनने तोंडावर हात धरला. ती हसत होती की काय हे बघायलाही व्हर्नाला उसंत नव्हती.

"अरे, मी ते कापू नका म्हणाले, कारण... ही तर मेलेलीच आहे!"

"मेल्यावर कापणाऱ्यापेक्षाही मी वाईट, असं तुम्ही म्हणालात."

"जिवंत कापतोस म्हणून म्हणाले! ही मेलेली आहे, तू खाटीक हो ना आता! मी तुला खाटकाच्या जागेवर परत घेते!"

"पण ही जगातली शेवटच्या काहींतली आहे, मॅडम. ही नुसती ठेवली तरी..."

"कुणासाठी ठेवतोस? तो पॅसाडेनाचा ठेवतोय की तीन! न बोललेल्या तीन नळ्या खोक्यात बसल्यात आणि मी इथे लिफ्टच्या आवाजात तुझ्या पाया पडतेय. इतके दिवस शहाणी माणसं कापत सुटली होती, आणि मला गरज लागली तर हा साधू झाला!"

हे सगळं त्या एकसुरी नळीतून, एकाच पट्टीत, न चढता न उतरता येत होतं. तिच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, डोळ्यांत पाणी आलं होतं आणि आवाज मात्र दुसऱ्या मजल्यावर उतरा म्हणत असल्यासारखा. ड्वेनने पहिल्यांदाच मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"असंच बोलावं लागतं तुम्हाला? आता?"

"असंच."

तो शेजाऱ्याकडे गेला. करवत घेऊन आला. नळी पकडीत धरताना त्याने तिच्याभोवती चामड्याची पट्टी गुंडाळली, पाती दोनदा ठेवली, दोनदा उचलली.

"मॅडम, तुम्ही एकदा स्पष्ट सांगा. नंतर कुणी म्हणायला नको."

"काप रे बाबा! काप, काप, काप!"

त्याने कापलं. पण इतकं हळू की व्हर्नाला तिथेच हार्ट अटॅक येईल असं जोलीनला वाटलं. मुंडकं वेगळं झालं, कड सुटली आणि चकती त्याच्या तळहातावर पडली. नखाएवढी, पातळ. ती त्याने फुंकर न मारता, कापसात ठेवून दिली. उरलेलं क्रोमचं कवच तो हातात फिरवत राहिला.

"याचा आता दांडा करू का? की तेही वाईट?"

"दांडा कर, दिवा लाव, त्याला घेऊन नाच. मला काय करायचंय!"

दुसऱ्याच दिवशी हागोपने चकती बसवली. व्हर्नाने नळी मानेला लावली आणि म्हणाली, "हागोप, तुझ्या दुकानात मेलेल्या उंदराचा वास येतो." आवाज आला. खरखर नव्हती. पण तो तिचा नव्हता. थोडा घोगरा, भरीव. आणि चाक कितीही वर नेलं तरी तो एका उंचीनंतर चढेना.

"सर्दी झालेल्या बाप्यासारखी वाटतेस," हागोप म्हणाला.

"नीट बसव ना मग!"

"नीटच बसलीय. दुसऱ्या कुणाची चकती आहे, व्हर्ना. तिचा स्वभाव तुझ्यासारखा कसा असेल?"

ती कुणाची होती, ते माणूस असल्या आवाजात काय बोललं असेल, हे गाडीत तिच्या मनात येऊन गेलं. खिडकीकडे तोंड करून ती हळूच चाक फिरवत सगळ्या पट्ट्या लावून बघत राहिली.

ड्वेनने झालं ते पानावर प्रामाणिकपणे लिहिलं, आणि ठरल्यासारखी आग भडकली. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच तिला दुटप्पी म्हणू लागले. प्रेस्टनने फार दुःखी, फार सभ्य शब्दांत लिहिलं की आणखी एक नळी आपण कायमची गमावली. कापणारे म्हणाले, बघा, ती बाईसुद्धा आमच्यात आली. जोलीन एकेक वाचून दाखवायला लागली.

"बंद कर ते डबडं," व्हर्ना म्हणाली. "मी कुणाच्यात आले नाही. मला औषधाच्या दुकानाला फोन करायचाय."

तिने नंबर फिरवला. पलीकडून एका मुलीचा गोड आवाज आला. व्हर्नाने रक्तदाबाच्या गोळ्यांचं नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली, आडनावाचं स्पेलिंग सांगितलं.

"सर, ही औषधं तुमच्या बायकोच्या नावावर दिसतायत," मुलगी म्हणाली. "त्यांनाच फोनवर देता का?"

व्हर्नाने चाक जाईल तितकं वर सरकवलं. फारसा उपयोग झाला नाही.

"मीच ती," ती म्हणाली. "आणि बायको फार चिडलीय, तेव्हा गोळ्या लवकर बांध."