कोरडी गादी

फट दिसली की माझा हात शिवशिवतो, त्याला इलाज नाही. जर्मनीत र्युसेल्सहाइममध्ये मी गाड्यांच्या दारांच्या रबरी सीलवर काम करते. पाणी आणि वारा आत येऊ न देणं यावरच माझं पोट आहे. त्यामुळे आमच्या शिडाच्या छोट्या बोटीवर थंडीभर राहायचं मनात आलं तेव्हा मला वाटलं, हा तर आपल्या हातचा मळ!

मनात आलं ते माझ्या. माझा नवरा हृषिकेश सप्टेंबरपासूनच दोन स्वेटर घालून फिरणारा माणूस. पण ऑक्टोबरात आमची मुलगी स्पृहा शिकायला ब्राउनश्वाइगला गेली आणि फ्लॅट मला खायला उठला. रोज पहाटे जाग यायची. उठून तिच्या खोलीची खिडकी नीट लागली आहे ना, बघून यायचे. ती लागलेलीच असायची. मग तिथेच पलंगावर बसून राहायचे.

"मला इथे नाही राहवत," मी सांगून टाकलं. "मार्चपर्यंत बोटीवर राहू."

हृषिकेश आधी हसला, मग हसायचा थांबला. "एक अट. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी क्रेन येते, सगळ्या बोटी हिवाळ्यासाठी जमिनीवर जातात. आदल्या रात्री, शुक्रवारी, आपण बोटीवर झोपू. सकाळी गादी कोरडी असेल, तर बोट पाण्यात राहील आणि आपण बोटीत. ओली असेल, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"डन!"

मग काय विचारता! माझ्या अंगात आलं. भिंतींना फोम, खिडक्यांना दुहेरी काच, गादीखाली लाकडी पट्ट्या, कोपऱ्यात डिझेलचा हीटर. जुन्या मालकाने छताला हवेसाठी एक गोल भोक ठेवलं होतं. ते बघून मला त्या माणसाची कीवच आली. मी त्यावर झाकण बसवलं आणि आमच्या लॅबमध्ये सगळ्यात भारी ठरलेला गोंद लावून ते कायमचं बुजवलं. नाही नाही म्हणता हृषिकेशही त्यात ओढला गेला. त्याने जागोजागी सेन्सर बसवले आणि ऑफिसच्या मीटिंगमधून मला मेसेज पाठवायला लागला: "आत एकोणीस, बाहेर दोन. गेनाऊ!" म्हणजे अगदी तंतोतंत.

स्पृहाला फोनवर सांगितलं, तर ती नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये "फेरुक्ट!" म्हणजे वेडे झालात म्हणून ओरडली, आणि ख्रिसमसला तिची झोपायची जागा कुठली ते लगेच विचारून घेतलं.

त्या शुक्रवारी कडक थंडी पडली. धक्क्यावरच्या फळ्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि आत आम्ही दोघं नवीन संसार थाटल्यासारखे खूश! नवं घर म्हणून मी आधी दूध उतू घालवलं. मग कुकर लावला, वरणभाताच्या चार शिट्ट्या झाल्या. तूप वितळून भातावर पसरलं तेव्हा हृषिकेशने एक स्वेटर काढला. थोड्या वेळाने दुसरा. आमच्या लग्नापासून मी हे पाहिलं नव्हतं. मी जिंकलेच होते.

सकाळी जाग आली ती नाकावर पडलेल्या थेंबाने. दिवा लावला, तर छतभर थेंब. गादीची एक बाजू पाय बुडेल इतकी नसली तरी पिळता येईल इतकी ओली.

"कुठून आलं पाणी? एक फट ठेवली नाही मी!"

हृषिकेशने छतावरून बोट फिरवलं. "बाहेरून नाही आलं. हे आपलंच आहे. दूध, चार शिट्ट्या आणि आपले श्वास. त्यांना जायला जागाच नव्हती."

मी मटकन खाली बसले. आमची घरमालकीण वर्षानुवर्षं "लुफ्टेन, लुफ्टेन!" करत कडाक्याच्या थंडीत खिडक्या उघडायला लावायची, आणि तिची पाठ वळली की मी त्या धाडकन लावून घ्यायचे. बाहेर क्रेनची घरघर सुरू झाली. मला रडूच आलं. पुन्हा तो फ्लॅट, पुन्हा ती खिडकी.

तेवढ्यात वरून टकटक झाली. धक्क्याचा कारभार बघणारे लोरेन्झसाहेब विचारत होते, तुमची बोट वर घ्यायची की पाण्यात राहणार?

"सांग त्यांना, घ्या म्हणावं," मी म्हणाले.

हृषिकेश शिडी चढून गेला. मी खालून ऐकलं. "आलेस ट्रॉकन," तो ठणकावून म्हणाला. सगळं कोरडं आहे, बोट राहतेय. परत शिडी उतरताना त्याची पाठ माझ्याकडे होती. पायजमा मागून चिंब भिजला होता. रात्रभर ओल्या बाजूला तोच झोपला होता.

"खोटं का बोललास?"

"अगं, मला तर मघाशीच गारठून जाग आली होती," तो म्हणाला. "पण तुला नाही आली. महिनाभरात पहिल्यांदाच तू पहाटे उठून गेली नाहीस."

मी डोळे पुसले आणि चाकू घेऊन छतावरचं झाकण सोडवायला लागले. पण काम माझंच, निघता निघेना! शेवटी ड्रिलला गोल करवत लावली. माझ्याच बोटीला, माझ्याच हाताने, मी भोक पाडलं.

बर्फासारखा वारा सरळ आत आला. हृषिकेशने मुकाट्याने दोन्ही स्वेटर चढवले आणि चहा टाकला.