सहाची रेघ

मी सिंदफणेवरच्या पुलाची मोजपट्टी बोलतेय. गोड बोलायला मला जमत नाही, आणि मी गोड बोलावं असं तुम्ही काही केलेलंही नाही. ऐकायचं असेल तर थांबा, नाहीतर पुलावरून रोज जाता तसे जा, मान न वळवता.

पुलाच्या तिसऱ्या खांबावर माझा जन्म झाला. उन्हाळा होता, नदीत गुडघाभर पाणी. एक साहेब तीन पायांची दुर्बीण लावून दोन दिवस इकडून तिकडे बघत होता, आणि नाथा पेंटर शिडीवर चढून सांगेल तिथं रेघ मारत होता. पांढऱ्यावर काळे आकडे, शून्यापासून नऊ मीटरपर्यंत. सहाला एक जाड तांबडी रेघ. साहेब म्हणाला, "नीट मार रे, हे माप समुद्रापासून आणलंय."

"समुद्र कुणी बघितलाय साहेब," नाथा म्हणाला. "तुमी म्हणाल तिथं मारतो."

दोघंही हसले. मला मात्र ते बोलणं जपून ठेवावंसं वाटलं. देशात जितक्या नद्या, त्यांच्या काठी माझ्यासारख्या जितक्या बहिणी उभ्या आहेत, त्या सगळ्यांची उंची एकाच समुद्रापासून मोजलेली. एकीचंही तोंड मी पाहिलेलं नाही, पण माप एक आहे.

मला स्वतःला आकडे वाचता येत नाहीत. अंगावर काय लिहिलंय ते दुसऱ्यानंच वाचायचं. पण पाणी कुठवर चढलं ते अंगाला कळतं, आणि कुठल्या साली कुठवर चढलं यातलं एकही मी विसरलेले नाही. तुम्ही विसरता. पाणी उतरलं की चार दिवसांत विसरता.

तुम्ही मला काय मानलंत? दोनच्या आकड्यावर कुणीतरी "बोअर मारून मिळेल" असं लिहून फोन नंबर टाकला. खाली एकवर म्हशी अंग घासतात. लग्न ठरलेली जोडपी येतात, मला पाठ टेकून फोटो काढतात. माझ्या अंगावर काय आहे हे त्यातल्या एकानंही आजवर वळून पाहिलं नाही.

मला वाचायचं काम तानाजीकडे. रोज सकाळी आठला यायचं, पूर आला की तासातासाला, आणि आकडा फोनवरून पाठवायचा. तो आकडा कुठं जातो हे मला प्रियदर्शनी नावाच्या इंजिनीअर बाईंमुळं कळलं. पावसाळ्याआधी त्या तपासणीला आल्या, चपला हातात घेऊन खांबापाशी उतरल्या आणि तानाजीला म्हणाल्या, "काका, तुमचा आकडा माझ्याकडे येतो. वरच्या पुलाचा येतो, खालचा येतो. नाशिककडून गोदावरीचे येतात, पुढं तेलंगणातले लोक आमचे मागतात. सगळे एकाला एक लावून आम्ही सांगतो, कुठल्या गावाला किती वाजता पाणी येईल. एखाद्या वेळी दिसलं नाही तर 'दिसत नाही' लिहा. लगेच दुसरा माणूस पाठवीन. पण अंदाजानं टाकू नका. आकडा आला की आम्ही तो खरा धरतो."

"न्हाई मॅडम, अंदाज कशाला," तानाजी म्हणाला. मान अशी हलवली की मलाही खरं वाटलं.

श्रावणात पोरं शिडी घेऊन आली. त्यांचे नेते अमरसिंहदादा, त्यांचा वाढदिवस. पुलावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून दहा फुटी फ्लेक्स त्यांनी थेट माझ्यावर ठोकला. पाचापासून आठापर्यंत माझं अंग झाकून गेलं. खाली शुभेच्छुकांच्या बारीक तोंडांच्या ओळी, त्यावर दादांचा खिसा, हनुवटी, मिशी, गॉगल. सहाची तांबडी रेघ बरोबर खिशामागं गेली. तानाजी खाली उभा राहून बघत होता. "जरा बाजूला घ्या की" एवढं म्हणायला जीभ उचलली नाही त्याची. उलट म्हणाला, "डावी बाजू वर घ्या, दादा वाकडे दिसायलेत."

वाढदिवस झाला. फ्लेक्स काढायला कोण येतो? दादांचं तोंड आपल्या हातानं उतरवणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत नाही.

आता साखराबाईचं सांगते. मेंढरंवाली बाई, साठी ओलांडलेली. ती आणि तिचा म्हातारा धुळाजी, पावसाळ्यात पुलाच्या खालच्या अंगाला अर्ध्या कोसावर मळईत, नदीनं गाळ टाकलेल्या रानात राहतात. एका बाजूला नदी, मागच्या बाजूला नाला, मधे उंचवट्यावर गवत. साठावर मेंढरं, त्यांत कितीतरी गाभण. त्या जागेचा एकच धोका. पाणी माझ्या सहाच्या रेघेला लागलं की मागचा नाला भरतो आणि मळईतून बाहेर यायची वाट बंद होते. हे साखराबाईला कुणी शिकवलेलं नाही. बारा पावसाळे, नदी चढली की ती पुलावर येऊन माझी रेघ बघून गेली आहे. आकडा तिलाही वाचता येत नाही, पण रेघ ओळखू येते. या गावात मला खरंच बघणारी तेवढी एकच.

भाद्रपदात वर डोंगराकडं पाऊस कोसळला. सकाळी आठला नदी लाल होऊन आली. पाच भरले, आणि शुभेच्छुक बुडायला लागले. पुलाच्या टोकाला आसारामचा चहाचा गाडा, तानाजी तिथं पोत्याची खोळ घेऊन बसलेला.

"कुठवर आलं बे?" आसारामनं विचारलं.

"शुभेच्छुकांची पहिली वळ गेली."

"मग मीटर किती झालं?"

"मला काय माहीत! पाच चार धर."

"आरं, दिसत न्हाई म्हणून टाक की. त्या बाईनं सांगितलं व्हतं न्हवं?"

"आन् कावून दिसत न्हाई म्हणून इचारलं तर? दादांचं तोंड आडवं येतंय म्हणू? तू लई शाणा हायस, तूच टाक की मग."

आसारामनं चहा गाळला. तानाजीनं आकडा पाठवला. पाच पूर्णांक चार.

दहाला साखराबाई आली, पदर डोक्यावर, पाय मांड्यांपर्यंत चिखलानं भरलेले. खांबाकडं बघत राहिली. "माझी रेघ कुठं गेली रे बाबा?"

"फोटोच्या मागं हाय, मावशी."

"मग मी बघू कसं?"

"तुमी कावून बघता? मी बघायला हाय की. पाच चार हाय, निवांत जावा."

"लेकरांवानी धरून काढावी लागत्यात मेंढरं, बाबा. गाभण्यांना पळवता येत न्हाई. घंटाभर जातोय. खरं सांग, काढू का ठिवू?"

"ठिवा. सरकारला जो आकडा दिला तोच तुमाला सांगायलोय."

त्या वेळी पाणी शुभेच्छुकांच्या शेवटच्या ओळीला होतं. रेघ अवघी वीतभर राहिली होती. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. साखराबाई "बरं" म्हणाली आणि परत गेली. तिनं माझ्यावर नव्हे, माणसावर विश्वास ठेवला. तिथंच ती फसली.

अकराला तानाजीचा फोन वाजला. प्रियदर्शनीबाई.

"काका, वरच्या पुलावर दोन मीटर चढलंय आणि तुमच्याकडे सकाळपासून पाच चारच? नीट बघितलंत ना?"

"खांबापाशीच उभा हाय, मॅडम."

हातात चहाचा ग्लास होता त्याच्या. त्या बाईंनी पुन्हा एकदा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं. एवढ्या मोठ्या देशाचं पाणी सांभाळणारी ती साखळी, माणसं, यंत्रं, फोन, सगळं त्या एका वाक्यावर येऊन थांबलं. वेड्या, गप्प बसला असतास तरी चाललं असतं! रिकामा रकाना दिसला असता तर त्या बाईंनी माणूस धाडला असता. खोट्या आकड्यानं त्यांना स्वस्थ बसवलं.

साडेअकराला रेघ बुडाली. बाराला हनुवटी. दोनला गॉगल.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलंय. नाला मागून भरला. धुळाजीनं दोन कोकरं खांद्यावर घेतली, साखराबाईनं कमरेला दोर बांधून म्हाताऱ्याला ओढलं. दोघं बाभळीला धरून राहिले. मेंढरं एकमेकांना चिकटून उभी राहतात हो, पळत नाहीत. तशीच उभी राहिली, आणि तशीच गेली. साठांतली अकरा वाचली.

पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी साखराबाई विळा घेऊन आली, मागोमाग धुळाजी. चिखलातून चालत थेट खांबापाशी. आसारामच्या गाड्यामागची शिडी तिनं स्वतः ओढून आणली. तानाजी वरून धावत आला.

"मावशी, दादांचा फोटो हाय त्यो!"

"मग त्यालाच इचार, माझी मेंढरं कुठंशी हायत."

विळा चालला. चार खिळे राहिले, फ्लेक्स खाली पडला. पाण्यानं खांबावर चिखलाची कड सोडली होती, रेघेच्या खूप वर. साखराबाईनं तिथं बोट ठेवलं. "वाच."

तानाजीनं पडलेला फ्लेक्स उचलायला हात घातला.

"मला येत न्हाई म्हणून तुला इचारते. वाच की."

"सात... सात पूर्णांक एक."

"लाव त्या बाईला फोन. ज्या तोंडानं खोटं सांगितलंस त्याच तोंडानं सांग."

त्यानं लावला. पलीकडून "बोला काका" आलं. तो म्हणाला, "मॅडम, त्या दिवशीचं मी डोळ्यानं बघितलं न्हवतं."

"किती तासांचे आकडे?"

"सगळेच."

बाई हळू म्हणाल्या, "काका, तुमच्या आकड्यावर खालच्या चार गावांना मी काळजी करू नका म्हणून सांगितलं." आणि त्यांनी फोन ठेवला.

साखराबाईनं तानाजीकडं पाहिलं नाही. शिडीवरून उतरली, पिशवीतून डबा काढला आणि पुन्हा चढली. मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा तांबडा रंग. धुळाजी खालून म्हणाला, "आगं, त्यो कावून संपवतीस?"

"अकरांना किती लागतोय?"

हातानंच तिनं तो माझ्या सहाच्या रेघेवर फासला, इकडच्या कडेपासून तिकडच्या कडेपर्यंत, अख्खा डबा. बोटं रेघेवर उमटली आहेत. पुलाच्या टोकावरूनही दिसते आता.

गावात कुजबूज आहे, दिवाळीला नवा फ्लेक्स येणार म्हणून. येऊ द्या. माझ्याजवळ विळा नाही. पण ज्याला माझ्यावर तोंड लावायचं असेल त्यानं भर पुरात इथं येऊन उभं राहावं, आणि पाणी गळ्याला लागलं की आपल्या तोंडानं सांगावं, किती मीटर झालं ते.