उदगीरची पेटी

सिद्धलिंगअप्पा तालमीच्या हॉलच्या पायरीवरच थबकले. गिटार त्यांच्या खांद्याला होती, आणि आतून आवाज त्यांच्याच गिटारचा येत होता.

त्यांच्यासारखा नव्हे, त्यांचाच. खालच्या सुरांना बारीक खरखर आणि वर चढलं की गोडवा. लातूर-उदगीर-नांदेड पट्ट्यात लग्न असो की गणपतीतला ऑर्केस्ट्रा, मांडवामागून हा आवाज आला की लोक म्हणायचे, "अप्पा आले." आणि इथे अप्पा तर बाहेर उभे!

आत शिवांगी वाजवत होती. नांदेडकडच्या लोह्याची ही मुलगी दिवाळीपासून ऑर्केस्ट्रात आलेली. तिच्या पुढ्यात तो मॉडेलर होता. मालक अमरनाथने हैदराबादहून आणलेला चपटा डबा, त्यात जगातल्या नामांकित गिटारवाल्यांचे प्रीसेट भरलेले. ज्याच्या नावाचं बटण पायाने दाबावं, त्याच्यासारखी गिटार वाजते. अप्पांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता, "भाड्याच्या शेरवानीतला नवरदेव हाय हा." दिवसा ते लातूरच्या गंजगोलाईतल्या कापडदुकानात काउंटरवर असत, त्यामुळे त्यांच्या उपमा कापडाच्याच.

अप्पांना पाहताच शिवांगीचा हात थांबला. तिने अमरनाथकडे पाहिलं, अमरनाथने तिच्याकडे. त्या पाहण्यानेच अप्पांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेत भरली. एरवी चपलेसकट खुशाल बटणं दाबणारी ही पोरगी आज अनवाणी उभी होती. चपला भिंतीशी काढून ठेवलेल्या. म्हणजे पावलांचा आवाज होऊ नये म्हणून? चोरपावलांनी काय चाललंय हे?

"कोनाचं बटन दाबलीस बाई?"

"काही न्हाई काका. असंच टेस्टिंग करून राहिले होते."

"अप्पा, च्या सांगू का?" अमरनाथ मध्येच म्हणाला.

न विचारता कापडाची तारीफ करणारं गिऱ्हाईक घेत काहीच नाही, हे अप्पांना दुकानाने शिकवलं होतं. न विचारता चहा पाजणारा मालक त्याच जातीचा.

"एक बोलायचं व्हतं," अमरनाथने घसा साफ केला. "नांदेडच्या लग्नाला तुमची पेटी घरीच राहू द्या. टेम्पोत जागा न्हाई, आन् उचलाया दोन मानसं लागत्यात."

"आन् मी?"

"तुमी यायचंच की, अप्पा."

हा 'की' अप्पांना चावला. आवाज डब्यात गेला, पेटी घरी राहिली. आता आपल्याला घरी बसवायला कितीसा उशीर? आज पेटीला जागा नाही, उद्या पेटीवाल्याला नसेल. आणि गिटार सोडली तर अप्पांजवळ होतं काय? जन्मभर लोकांच्या बायकांना साड्या उलगडून दाखवल्या, एवढंच.

पेटी म्हणजे त्यांच्या गिटारचा अॅम्प्लिफायर. उदगीरला स्टेशनरोडवर किशनराव रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. अप्पा तेव्हा मिसरूड फुटलेले. दोघांना एकच वेड. मुंबईच्या सिनेमांत एक गिटारवाला वाजवायचा, त्याचा आवाज आपल्या उदगिरात काढायचा. त्याला दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं. दुकानातल्या रेडिओला कान लावून ऐकायचं, आणि किशनरावांनी जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर उघडून त्यात एक भाग घालायचा, एक काढायचा. किती दिवस हे चाललं कुणास ठाऊक. एका दुपारी अप्पांनी तार छेडली आणि किशनराव ओरडले, "जमलं रे लेका! हेच हाय ते!"

किशनराव गेले, दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. पेटी मात्र अप्पांबरोबर गावोगाव फिरली. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय ती बोलत नसे. म्हणून कार्यक्रमाआधी ते तिच्या माथ्यावर तळहात ठेवून उभे राहत, लेकराचा ताप बघावा तसे. हाताला ऊब लागली की मग वाजवायला घ्यायचं.

ते तडक घरी आले. पेटी नेहमीच्या कोपऱ्यात होती, तिच्यावर बायकोची, शिवकांताबाईंची, जुनी इरकल साडी झाकलेली. अप्पांनी नुसतं पाहिलं आणि ओळखलं. आपण झाकताना पदर वर ठेवतो. इथे पदर आत गेला होता. पदर आत घालून घडी करायची सवय या घरात एकटीलाच होती.

म्हणजे चोर घरातच!

"पेटीला कोन हात लावला?"

शिवकांताबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मी लावले."

"आन् ती पोरगी?"

"हाव, ती बी आली व्हती. मीच बोलिवले. तुमी दुकानात व्हता." सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "तिनं डबडं पेटीला जोडलं, पेटी जरा येळ कोल्ह्यावानी कोकलली, आन् झालं. म्हनली, मावशी, काकाचा आवाज आला ह्यात."

"अमरनाथनं शिकविलं ना तुला हे?"

"अमरनाथ कशाला शिकवंल? मुरुडच्या लग्नात पेटीतून धूर निघाला, तवा घरी येऊन तुमी भाकरीला हात लावला न्हाई. भिंतीकडं तोंड करून पडून व्हता. आता पुन्यांदा धूर निघाला तर किशनरावाला कुठून आनू मी? म्हनून आवाज ठिवून घेतला. पेटी गेली तर मानूस तरी राहील म्हनलं."

अप्पांना बायकोचा राग आला आणि पाठोपाठ गलबलूनही आलं. दोन्हींतलं एकही त्यांनी दाखवलं नाही. मनात म्हणाले, हिचा हेतू चांगला असेल, पण हिच्या भोळेपणावर त्या दोघांनी डाव साधला त्याचं काय?

दुसऱ्या दिवशी ते हॉलवर गेले ते वकिलासारखे. खुर्ची ओढून शिवांगीसमोर बसले. "वाजव माजं."

तिने चपला काढल्या, बटण दाबलं आणि वाजवलं. अप्पा डोळे मिटून चूक शोधत राहिले. खरखर होती तिथे खरखर, गोडवा होता तिथे गोडवा. एक तरी खोट सापडावी म्हणून त्यांनी सिद्धेश्वराला साकडं घातलं. सापडली नाही. आयुष्यभर सांभाळलेली वस्तू समोर दुसऱ्याच्या हातात होती, आणि तिच्यात काही म्हणता काही कमी नव्हतं.

"त्या मुंबईवाल्याचं हाय का ह्यात?" त्यांनी अचानक विचारलं.

होतं. अप्पांनी स्वतःची गिटार जोडली आणि उदगिरात पाठ केलेली ती ओळ वाजवली. डब्यातून आवाज आला तो धुतल्या काचेसारखा. खरखरीचा मागमूस नाही.

"चुकीचं हाय हे," अप्पा म्हणाले. "खरखर कुठाय?"

शिवांगीने मोबाइलवर मूळ गाणं लावून ते त्यांच्या कानाशी धरलं. मोबाइलवर, नव्या स्वच्छ ध्वनिमुद्रणात, अप्पा ते पहिल्यांदाच ऐकत होते. गिटार स्वच्छ होती. तेव्हाही स्वच्छच होती.

मग त्यांना किशनरावांचा रेडिओ आठवला. त्याच्या स्पीकरचा कागद फाटलेला होता. दुनियेचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला स्वतःच्या रेडिओकडे बघायला सवड नव्हती. दोघांनी जिवापाड मेहनत करून नक्कल केली होती ती त्या फाटक्या कागदाची. अप्पांना आधी हसू आलं. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिले.

"काय झालं काका?"

"किशनरावाला सांगायला पायजे व्हतं," ते म्हणाले. "लई हसला असता." मग चष्मा चढवून विचारलं, "माज्या बटनाला नाव काय टाकलीस?"

शिवांगी ओशाळली. "तुमचंच. सिद्धलिंग काका." आणि खाली बघत म्हणाली, "पायानं दाबावं लागते ना. म्हनून चपला काढते. मावशीला मी कबूल केलते, पेटी बंद पडली तरच काढीन म्हनून. पन परवा इथं लावून बघितलं, ते अमरनाथदादानं ऐकलं आन् त्यांच्या डोक्यात टेम्पो शिरला."

अप्पा भिंतीशी ठेवलेल्या चपलांकडे पाहत राहिले. कालपासून मनात तिला काय काय म्हटलं होतं, ते त्यांना आठवलं.

"माजं नाव काढ," ते म्हणाले. "किशनराव लिही."

"कोन किशनराव?" अमरनाथ पुढे झाला. "अप्पा, लोकाला काय कळंल?"

"लोकं काय डबा वाचाया येतेत व्हय?"

नांदेडच्या मंगल कार्यालयाच्या मांडवात स्टेज सजलं होतं. पेटी लातुरातच राहिली, इरकल साडीखाली. अमरनाथ एका कोपऱ्यात शिवांगीशी काहीतरी कुजबुजत होता आणि अप्पांचा एक कान तिकडेच होता. संशयाला औषध नसतं. मॉडेलर खाली पायाशी मांडलेला होता. अप्पांनी तो उचलला, एक स्टूल मागवलं, त्यावर खांद्यावरचा धुतलेला पंचा अंथरला आणि डबा वर ठेवला.

"अप्पा, ते पायानं दाबायचं असतंय," अमरनाथ म्हणाला.

"ठाव हाय मला."

शिवांगीने येऊन त्यांची वायर स्टुलापर्यंत पुरेल अशी सरळ करून दिली.

अप्पांनी बोटाने बटण दाबलं. छोट्या काचेवर किशनरावांचं नाव उजळलं. गायिकेने मागे वळून पाहिलं, ढोलकीवाल्याने ताल धरला. अप्पांनी सवयीने डब्याच्या माथ्यावर तळहात ठेवला आणि ऊब येण्याची वाट पाहत थांबले.

डबा गार होता. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी हात उचलला आणि वाजवायला सुरुवात केली. मांडवात मागे कुणीतरी म्हणालं, "अप्पा आले."