भामाबाईनं भरवलेला कोरम

आमच्या गावात ग्रामसभा भरत नाय, तहकूब होते. सरपंच सुदर्शनराव दहाला खुर्चीत बसायचा, शंभर डोकी जमली नाय म्हणून सव्वादहाला सभा तहकूब करायचा, आन अर्ध्या तासानं चहा पिणाऱ्या चौघांत तीच सभा उरकायचा. तहकूब सभेला कोरम लागत नाय, हा कायदा त्याला पोरांच्या नावापेक्षा पाठ.

अशाच एका सभेत गावकुसाबाहेरच्या वस्तीची पाईपलाईन पूर्ण झाल्याचं मंजूर झालं. वस्तीत तोट्या आल्या, पाणी नाय. मग भामाबाई, मोतीराम मास्तर आन वस्तीतल्या चार बायांनी आपणहून देखरेख मंडळ काढलं. मागणी एकच: रस्ता खांदा, पाईप दाखवा.

"भाऊसाहेब, ठराव लिहा," सोमवारच्या सभेत भामाबाई ग्रामसेवकाला म्हणाली.

"कोरम कुठंय, काकू?"

"सहा डोक्यांची सभा व्हते व्हय?" सुदर्शनराव हसला. "तहकूब!"

"मंग अर्धा तास आमी हितंच," म्हणत मास्तर दारात आडवा बसला.

सुदर्शनरावानं डोळा घातला. त्याचा पैलवान कडुबा उठला. मास्तरच्या कानाखाली अशी वाजवली की माझ्या माळवदावरची कबुतरं थेट वेरूळला जाऊन बसली. खोटं वाटत असंल तर कबुतरांना इचारा. मग कडुबाच्या तालमीतल्या पोरांनी मास्तरला खुर्च्यांनी तुडवला. त्याचं मनगट मोडल्याचा आवाज मात्र मी वाढवून सांगत नाय. भामाबाई मधी पडली, तर काठी सरळ तिच्या कपाळावर. रक्ताची धार पदरात.

मारामारी म्हणलं की आमचं गाव भरल्या ताटावरून उठतं. कोण सोडवायला, कोण हात धुवून घ्यायला, बाकी सगळे बघायला. पंचायतीत मुंगी शिरंना. भामाबाई भिंत धरून उठली. एक डोळा रक्तानं मिटलेला, दुसऱ्यानं मोजतेय.

"भाऊसाहेब, मोजा. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव."

"हे सभेला आले का? तमाशा बघायला आलेत!" सुदर्शनराव ओरडला. "आन तरी एक कमीच हाय!"

तेवढ्यात त्याचीच माय, द्वारकाबाई, गर्दी फोडत आत आली आन लेकाच्या थोबाडात ठेवून दिली.

"मुडद्या, बाईमाणसाचं डोकं फोडितो? भामा, मला मोजलं का गं?"

"शंभर," भामाबाई म्हणाली.

ग्रामसेवकानं वही उघडून रस्ता खांदायचा ठराव लिहिला. शाईचा पॅड कडुबाच्या पायाखाली चिरडलेला. द्वारकाबाईनं भामाबाईच्या कपाळाला अंगठा लावला आन वहीवर उठवला. मागं रांग लागली. आजवर वस्तीतलं पाणी न प्यालेल्यांनी बी त्याच कपाळाला अंगठा टेकला.

दुपारीच कुदळी लागल्या. शाळेपासून वस्तीपर्यंत रस्ता उलटा करून टाकला. निव्वळ मुरूम. शेवटी वस्तीच्या कमानीपाशी, जिथं सुदर्शनरावानं उद्घाटनाचा फोटो काढला व्हता, तिथं चार फूट पाईप सापडला. दोन्ही तोंडं मातीनं बुजलेली.

डोक्याला फडकं बांधून भामाबाई खड्ड्याच्या काठावर बसली व्हती.

"लिहा, भाऊसाहेब," ती म्हणाली. "पाईप सापडला. आता पाणी हुडकायचंय. सभा तहकूब करू नका."