अब्बांच्या डब्याची पिशवी

मेहविशला कुणी विचारलं असतं ना, की बाई गं, तुझी पत्रं येतात कुठून, तर तिनं पटकन सांगितलं असतं, अब्बांच्या डब्याच्या पिशवीतून! आणि त्यात खोटं काय? मस्कतमध्ये पोस्टमन थोडाच दाराची बेल वाजवतो? पत्र येतं कंपनीच्या पोस्टातल्या पेटीत. ड्रायव्हर ओमप्रकाश ते काढून आणतो, अब्बांच्या टेबलावर ठेवतो, आणि संध्याकाळी अब्बा अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये शिरता शिरता पिशवी पुढे करतात. आत रिकामा डबा, चमचा आणि रचनाचं पत्र. पत्राला कालवणाचा वास. मेहविशला तर वाटायचं, मैत्रीचा वास असाच असतो.

रचना म्हणजे तिची शाळेतली, एकाच बाकावरची. दोन वर्षांपूर्वी रचनाच्या पप्पांना सोहारच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनियरची नोकरी लागली आणि रचना गेली. शाळेत दोघी नुसतं इंग्लिश झाडायच्या, पण पत्रं मात्र मराठीत. रचनाचीच आयडिया. "इंग्लिशमध्ये आपण सगळ्यांशीच बोलतो यार!" मग नियम ठरले. पत्र हातानंच लिहायचं. फोन फक्त वाढदिवसाला. आणि समोरचीचं उत्तर आल्याशिवाय आपण पुढचं लिहायचं नाही.

पहिलं पत्र कसलं होतं माहितीये? 'मी बरी आहे. तू बरी आहे का. ऊन आहे.' खलास! पण मग शब्द सुचायला लागले. रचना लिहायची, 'तिन्हीसांजेला समुद्रात जहाजांचे दिवे लागतात, वाटतं आकाशाचा खालचा काठ कुणीतरी उसवलाय.' मेहविश ते गॅलरीत बसून वाचायची, आणि शेजारच्या एसीची घरघर हळूहळू जहाजासारखी वाटायला लागायची. खालच्या गाड्या, समोरची पांढरी बिल्डिंग, सगळं जरासं तरंगायचं.

आणि मे महिन्यात पत्रं थांबली.

एक आठवडा, दोन, सात! मेहविश रोज पिशवीत हात घालायची. डबा, चमचा, बस. पाळी रचनाची होती, मग आपण कसं लिहायचं? तिला दुसरी कुणी भेटली असेल. मी बोअर झाले असेन. फोन हातात घ्यायची, ठेवायची. फोन केला तर नियम मोडला, आणि नियम मोडला तर मग राहिलं काय?

गुरुवारी दुपारी अब्बा लवकर आले. तिनं पिशवी अक्षरशः उलटी करून झटकली.

"काय शोधतेस गो?"

"पत्र! दुसरं काय?"

अब्बांनी कपाळाला हात लावला. "अगो, नोकरी बदलून दोन महिने झाले माझी! पेटी जुन्या कंपनीची. नवा नंबर दिलास काय तू तिला?"

मेहविश जागीच गार. अब्बांचं ऑफिस बदललं, आयडी कार्ड बदललं, पार्किंग बदललं, सगळं तिला माहीत होतं. पण पिशवी तीच होती ना!

अब्बांनी ओमप्रकाशला फोन लावला. तो तिकडून हसला, "मुनीरभाई, बिटिया की चिट्ठी कोई फेंकता है क्या? ड्रॉवर में रखी हैं. तीन हैं."

यल्ला, चला! वीस मिनिटांत दोघं जुन्या ऑफिसात. पहिलं पत्र आठ पानांचं. दुसऱ्यात लिहिलं होतं, 'नियम मोडतेय, रागावलीस का?' आणि तिसरं एवढंसं. 'कॉलेजसाठी नागपूरला चाललेय. शुक्रवारी संध्याकाळी विमान. सकाळी दार्सैतला मामाकडे असेन. साडेआठला मत्राच्या कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर येते, शाळेच्या सहलीत आपण बसलो होतो त्या दगडी छत्रीखाली. आली नाहीस तर समजेन.'

हे पत्र कालच आलेलं. शुक्रवार म्हणजे उद्याच!

सकाळी मेहविश आठलाच हजर. समुद्र दुधासारखा, डोंगर त्यात विरघळल्यासारखे. आणि रचना आली. लांबूनच हात हलवत, जवळजवळ पळतच.

"हाय."

"हाय. सो... हाऊ आर यू?"

"गुड. यू?"

अरे, दोन वर्षं पानंच्या पानं लिहिणाऱ्या दोघी, अनोळखी पाहुण्यांसारख्या बसल्या. मराठी तोंडातून येईना, इंग्लिश खोटं वाटायला लागलं! मेहविशनं उगाच घड्याळ बघितलं. संपलं वाटतं.

तेवढ्यात रचनानं सॅकमधून वही काढली, काहीतरी खरडलं, कागदाची घडी करून हातात दिली. 'तू तुझ्या अक्षरापेक्षा उंच आहेस.'

मेहविश फिस्सकन हसली. पेन ओढून घेतलं. 'आणि तू दोन महिने ड्रॉवरमध्ये होतीस.' खाली सगळी हकिगत, पिशवीसकट. मग काय, खांद्याला खांदा लावून पत्रांवर पत्रं! घामानं शाई पसरत होती, अक्षरं निळ्या ढगांसारखी फुगत होती, सीगल डोक्यावरून जात होते, आणि दोघी कागदात बघून खिदळत होत्या.

गाडीचा हॉर्न वाजला. अब्बा पाण्याची बाटली घेऊन आले, त्याच पिशवीतून. "शाळा सुटली काय गो?"

रचना उठलीच. "काका, हीच ती?" तिनं पिशवीत नाक खुपसलं. "ईई, कालवण! माझ्या पत्रांना येत नाही हा वास!"

"तुझी पत्रं तुझ्याकडं कुठं असतात?" मेहविश म्हणाली, चक्क मराठीत.

रचनानं नव्या पेटीचा नंबर दोनदा लिहून घेतला. मग पाठ फिरवून एक शेवटचा कागद लिहिला, चार घड्या घातल्या आणि पिशवीत टाकला. "घरी गेल्यावर. नियम!"

परतीच्या वाटेवर पिशवी मेहविशच्या मांडीवर होती. अब्बा म्हणाले, "उघड ना गो."

"अंहं." तिनं काचेला डोकं टेकलं. आज पहिल्यांदाच तिला माहीत होतं, पत्र नक्की कधी येणार. अजून वीस मिनिटांनी.