पडवळची फळी

मी एक जुनी फणसाची फळी आहे. नऊ फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि एका कडेला किंचित बाक असलेली. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला तो आखूड पायांचा आणि लांबलचक पाठीचा डॅशहुंड कुत्रा आणायचा असेल, आणि त्यातही त्याची छोटी जात, मिनिएचर म्हणतात ती, तर आधी माझं ऐकून घ्या. खुद्द कुत्र्याला विचारून फायदा नाही. त्याला स्वतःची पाठ कधी दिसत नाही. मला ती दहा महिने रोज दिसत होती.

माझा जन्म रत्नागिरीजवळच्या भाट्याचा. आज जिथे गुरुप्रसादची गाडी उभी असते, तिथे मी झाड होते. त्याने बंगला बांधायला काढला तेव्हा गाडीला सावलीची जागा हवी म्हणून मला तोडलं, आणि तोडल्यावर ऊन लागायला लागलं म्हणून वर पत्रा घातला. पालीच्या शिवा सुताराने माझी फाळणी केली. देवघराची दारं झाली, एक टेबल झालं, आणि मी उरले. शिवा म्हणाला, "आत्मारामदादा, ही दाराला चालायची नाय, कडेला वाकलीय. पण टाकू नका. काळीज चांगलं हाय हिचं." माझ्याबद्दल कोणी चांगलं बोललं, ती ही पहिली वेळ. दुसरी यायला पुढे बरेच दिवस गेले, आणि ती एका स्कूटरमुळे आली.

आत्माराम हे गुरुप्रसादचे वडील. जन्मभर मालवाहू जहाजावर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. निवृत्तीनंतर मुलाच्या नव्या बंगल्यात राहायला आले. गुरुप्रसादने जोतं चांगलं तीन फूट उंच घेतलेलं, पुढे पाच पायऱ्या, वर ग्रॅनाइट. पडवीच्या डाव्या अंगाला कठडा नव्हता. गाडी तिथे लावून सामान थेट वर घ्यायचं, अशी गुरुप्रसादची योजना. योजना चांगली होती. खाली चिऱ्याची फरशी होती.

मग सानवीला कुत्रा हवा झाला. सानवी ही गुरुप्रसादची मुलगी, वय वर्षं दहा. तिची आई मृणाली मोबाइलवर घराचे व्हिडिओ टाकायची, आणि व्हिडिओत घर एकटं दिसत होतं. मोठा कुत्रा घाण करतो, मोठा कुत्रा खातो, तेव्हा छोटा आणू, असं ठरलं. छोट्या कुत्र्याला कमी बघावं लागतं हा हिशोब त्यांना कोणी सांगितला नव्हता. तो त्यांनी स्वतःच काढला.

पिल्लू कोल्हापूरहून करंडीतून आलं. आंबा घाट उतरताना दोनदा ओकलं, पालीला एकदा. घरी पोचलं तेव्हा त्याचं नाव ब्राउनी ठरलेलं होतं. आत्मारामनी करंडीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अरे मेल्या, हे तर पडवळ! दगड बांधायचा राहिलाय तेवढा."

वेलावरचं पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात, ते तुम्हाला ठाऊक असेल. सानवी रुसली. पण पिल्लू ब्राउनी म्हटल्यावर झोपून राहायचं आणि पडवळ म्हटल्यावर धावत यायचं.

आता या जातीबद्दल ऐका. हा कुत्रा जर्मनीत बिळात शिरून शिकार करायला घडवलेला. त्यामुळे तो उकरतो. मृणालीची सगळी मोगऱ्याची रोपं त्याने मुळांची पाहणी करण्यासाठी वर काढली. आवाज मात्र वाघाएवढ्या कुत्र्याचा. पोस्टमनने बंगल्याला येणं सोडलं आणि पत्रं नितेशकडे, म्हणजे शेजारी, टाकायला लागला. हट्टी इतका, की बोलावल्यावर आधी विचार करतो. पोट जमिनीपासून चार बोटं वर. पावसात पाय भिजायच्या आधी पोट भिजतं, म्हणून पावसात तो बाहेर जात नाही. रत्नागिरीचा पाऊस चार महिने असतो. बैठकीत गालिचा होता.

पण मुख्य गोष्ट पाठीची. लसीकरणाला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "याला उडी मारू द्यायची नाही. सोफ्यावरून नाही, पायऱ्यांवरून तर नाहीच. उचलायचं तर दोन्ही हातांनी, एक पुढे, एक मागे. वजन वाढू द्यायचं नाही. आणि दोन पायांवर उभं करायचं नाही."

मृणालीने मान डोलावली. घरी येऊन सानवीने त्याला दोन पायांवर उभं करून नमस्कार करायला शिकवलं. तो व्हिडिओ फार चालला.

ऐकलं ते फक्त आत्मारामनी. त्यांनी मला गोठ्याच्या मागून ओढत आणलं, पडवीच्या डाव्या अंगाला टेकवलं आणि वर काथ्याची जुनी चटई खिळ्यांनी ठोकली, पाय घसरू नयेत म्हणून. "जहाज बंदराला लागलं की फळी लावतातच," ते म्हणाले. "हा पण प्रवासीच की."

पहिल्या दिवशी पडवळ माझ्या मध्यावर येऊन बसला आणि तासभर हलला नाही. दुसऱ्या दिवशी धावला. न सोललेल्या नारळाएवढं वजन होतं त्याचं. पण घरात गुरुप्रसाद पोळीला तूप लावून द्यायचा, सानवी बिस्किटं द्यायची, येणारा-जाणारा खोबऱ्याची कातळी टाकायचा. दिवाळीला त्याच्या वजनाचे दोन नारळ झाले, शिमग्याला चार. मी कुरकुरायला लागले. आत्माराम म्हणायचे, "फळी ओरडते बघ, कमी घाला त्याला." गुरुप्रसाद हसायचा. "बाबा, फळीला तेल द्या."

आत्मारामनी त्याला एक गोष्ट शिकवली. जहाजावरचा नेम असा, की फळी काढायची असली तर आधी मोठ्याने ओरडून सांगायचं. कोणीतरी धावत येत असतं, त्याला ठाऊक नसतं. म्हणून मला धुवायला उचलायच्या आधी ते खणखणीत ओरडायचे, "फळी निघालीऽ!" पडवळ जिथे असेल तिथे खाली बसायचा. मी परत जागेवर येईपर्यंत उठायचा नाही. हट्टी कुत्रा, पण एवढी एक आज्ञा त्याने आयुष्यात मोडली नाही.

"घरात सगळ्यांनी हे पाठ करा," आत्माराम सांगायचे. "ओरडल्याशिवाय फळीला हात नाय लावायचा."

"हो बाबा," मृणाली म्हणायची. मोबाइलकडे बघत म्हणायची, पण म्हणायची.

आणि पडवळचा पहिला वाढदिवस आला.

शनिवार होता. पुढच्या पायऱ्यांवर फुग्यांची कमान बांधली. सानवीने त्याच्यासाठी एक पोशाख मागवला होता, दोन्ही बाजूंनी पाव आणि मध्ये कुत्रा. पाठीवर कापडाची पिवळी मोहरी. पडवळला त्यात घालून पोटाखालून चेन लावली. पाहुणे पोट धरून हसले. नितेश म्हणाला, "वहिनी, सॉस कुठाय?"

मृणालीने मोबाइल समोर धरला आणि म्हणाली, "ही फळी येतेय फोटोत. बांधकाम चालू असल्यासारखं दिसतंय."

"राहू दे गो बाय," आत्माराम म्हणाले. "तो धावतो तिच्यावरून."

"बाबा, पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. आणि तुम्ही जरा आत जाऊन शर्ट घाला ना, बनियन दिसतंय."

आत्माराम शर्ट घालायला आत गेले. मृणालीने आणि नितेशने मला दोन टोकांना धरलं आणि नेऊन माडाला टेकवून उभं केलं. कोणी ओरडलं नाही. वाढदिवसाला कोण ओरडतं?

माडापाशी उभ्याने मला सगळं दिसत होतं. गुरुप्रसाद केक आणायला गावात गेला होता. तो फाटकाशी आला आणि त्याने रोजच्यासारखे दोन हॉर्न दिले. रोज हॉर्न वाजला की पडवळ पडवीतून सुटायचा, डावीकडे वळायचा आणि माझ्यावरून खाली. आजही सुटला. पाव हलत होता, मोहरी हलत होती. सानवी व्हिडिओ घेत होती. तो डावीकडे वळला आणि माझ्यावर पाय टाकला.

मी तिथे नव्हते.

आवाज झाला तो माझ्या ओळखीचा होता. सुकलेली फांदी मोडते तसा. त्यानंतर तो ओरडला, आणि मग ओरडायचा थांबला. पाहुण्यांपैकी दोघं अजून हसत होते, त्यांना वाटलं हे शिकवलेलं आहे.

आत्माराम अर्धी बटणं लावलेल्या शर्टाने बाहेर आले. सानवी त्याला काखेत धरून उचलायला गेली, तसे ते गरजले, "हात लावू नको! फळी आणा, फळी!"

अशी मी परत आले. त्यांनी त्याला माझ्यावर सरकवलं, पंच्याने बांधलं, आणि गाडीचं मागचं दार उघडं ठेवून माझं अर्धं अंग बाहेर काढून आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी कात्री घेतली आणि पाव कापायला सुरुवात केली.

"अहो, कापू नका," मृणाली म्हणाली, "खाली चेन आहे त्याला."

बाईंनी एकदा वर पाहिलं आणि कापत राहिल्या. मग त्यांनी चिमट्याने त्याच्या मागच्या पायाचं बोट दाबलं. पाय हलला नाही, पण त्याने मान वळवून पाहिलं.

"कळतंय त्याला अजून," त्या म्हणाल्या. "मणक्यातली चकती सरकलीय. ऑपरेशन झालं तर पाय वाचतील. उद्या सकाळच्या आत कोल्हापूरला न्या. उशीर केलात तर मग नको, उपयोग नाही."

"उद्या रविवार," गुरुप्रसाद म्हणाला. "घरी पाहुणे आहेत. सोमवारी बघू."

"मी नेतो," आत्माराम म्हणाले. "आत्ता नेतो, एसटीने."

"एवढी लांब फळी घेऊन एसटीत? बाबा, लोक काय म्हणतील?"

"तुझी गाडी दे, ड्रायव्हर बघतो मी."

"गाडी लागणार आहे. पाहुण्यांना गणपतीपुळ्याला न्यायचंय." मग तो थोडा थांबला आणि म्हणाला, "खरं सांगू बाबा? तुम्ही त्याला फळीची सवय लावलीत, तिथे चुकलं. फळी नसती तर तो पायऱ्या शिकला असता."

आत्मारामनी पंच्याची सैल झालेली गाठ पुन्हा बांधली.

रविवारी पाहुणे गणपतीपुळ्याला जाऊन आले. पडवळ न्हाणीघराच्या बाहेर माझ्यावर पडून होता. आत्माराम बसून होते, त्याचं बोट मधून मधून दाबत होते, आणि तो मान वळवून बघत होता. दुपारनंतर त्यांनी दाबलं तेव्हा त्याने बघितलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग दाबणं बंद केलं आणि त्याच्या पायावरून नुसता हात फिरवत राहिले.

सोमवारी गुरुप्रसाद सवड काढून दवाखान्यात आला. बाई म्हणाल्या, "आता नको."

मृणालीने पडवळचा एक व्हिडिओ केला, मागे रडकं गाणं लावून. नमस्काराच्या व्हिडिओपेक्षा दुप्पट लोकांनी पाहिला. एकीने लिहिलं, किती माया करता हो तुम्ही.

मित्रांनो, पडवळ जगला. हा कुत्रा चौदा-पंधरा वर्षं जगतो, तेही लक्षात ठेवा. त्याच्या पुढच्या अर्ध्या अंगाला काही झालेलं नाही. ते उकरतं, भुंकतं, हट्ट करतं. मागचं अर्धं आत्माराम सांभाळतात. दिवसातून चार वेळा पोट दाबून त्याची लघवी काढावी लागते. ते बाईंनी घरातल्या सगळ्यांना शिकवलं होतं, आणि सगळ्यांनी मान डोलावली होती. तेव्हा कुत्रा आणण्याआधी घरात विचारा की हे काम कोण करेल. जो उत्तर देणार नाही, त्याच्या हौसेसाठी आणू नका. आणि घराचं जोतं मोजा. पिल्लाचे फोटो नंतर बघा.

मला परत गोठ्यामागे टाकलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर मृणालीने विजेवर चालणारी स्कूटर घेतली. चार्जिंगचा बोर्ड पडवीत. स्कूटर वर कशी चढवायची? गुरुप्रसादने मला ओढून आणलं आणि डाव्या अंगाला, नेमकं त्याच जागी टेकवलं. मृणालीने स्कूटर सरसर वर चढवली आणि म्हणाली, "अय्या, किती सोयीची आहे ही फळी! आणि चटईमुळे चाक अजिबात घसरत नाही." हे ते माझं दुसरं कौतुक. माझ्यासकट स्कूटरचा फोटोही काढला. बांधकाम चालू असल्यासारखं कोणालाच दिसलं नाही.

पडवळने मला पाहिलं. पडवीभर अंग ओढत तो कडेपर्यंत आला, पुढचे दोन पाय काथ्यावर टेकवले, आणि थांबला. आत्मारामनी पंचा त्याच्या पोटाखालून घेतला, मागचं अंग उचललं, आणि दोघं माझ्यावरून हळूहळू खाली उतरले. चार पाय चालत होते. मी कुरकुरले नाही. पडवळचं वजन पुन्हा दोन नारळांवर आलं होतं.

"बाबा, नखांनी चटई निघेल हं," मृणाली वरून म्हणाली.

गेल्या रविवारी नितेश आला, माझ्यावरूनच चढून. पडवळ भुंकला. नितेशने त्याच्याकडे पाहिलं, पुढच्या अर्ध्याकडे.

"वहिनी, कुठून आणलात हो हा? आमच्या ऋत्विकने घर डोक्यावर घेतलंय, असाच हवा म्हणून. असाच म्हणजे, नवा."

मृणालीने कोल्हापूरचा नंबर दिला. कोपऱ्यात बसलेले आत्माराम म्हणाले, "नितेश, आणतोस तर ही फळी घेऊन जा. आधी ही लाव, मग कुत्रा आण."

"अहो बाबा!" मृणाली म्हणाली. "मग माझी स्कूटर?"

"नको हो काका," नितेश हसत म्हणाला. "आमचा पायऱ्या शिकेल."

नितेशने बंगला गुरुप्रसादच्या नंतर बांधला, म्हणून जोतं जास्त उंच घेतलं. त्याच्या बंगल्याला अकरा पायऱ्या आहेत. मी इथून मोजल्या.