शेवंतीवरची कडी

"ह्यो पाण्याचा ताण न्हाई, बाई." सगुणाबाईनं शेवंतीचं पान उलटून दाखवलं. "ताण पडला तर सगळं पान पिवळं पडतं. हितं बघा, गोल गोल कडी उठल्यात. आन् फूल उमललं की पाकळीवर पांढऱ्या रेघा."

पुण्याच्या शेतकी कॉलेजातून आलेल्या आगाशेबाईंनी भिंग काढलं. केडगावच्या रोपवाटिकेच्या मालकानं त्यांना खतापाण्यात काय चुकतंय ते बघायला बोलावलं होतं. एकेक पान त्यांनी उलटसुलट तपासलं. मग म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी पुन्हा येते मी."

शहात्तर सालची ही गोष्ट. सगुणाबाई तेव्हा पन्नाशीची होती. तान्ही असताना तिला कुणी मिशनच्या आश्रमात सोडून गेलं होतं. तिथंच ती लिहायला-वाचायला शिकली, तिथल्याच बागेत तिच्या हातांना मातीची सवय लागली. आता ती रोपवाटिकेत कामाला होती आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत एकटी राहायची. बोलायला विहिरीच्या पंपावरचा कोंडिबा तेवढा, तोही चार शब्दांचा धनी.

आगाशेबाई दर गुरुवारी सकाळच्या गाडीनं येऊ लागल्या. रोग एका रोपावरून दुसऱ्यावर जातो का ते बघायला रोगट पान खलात वाटायचं, रस निरोगी पानावर बोटानं हलकेच चोळायचा, किडे बसू नयेत म्हणून रोपावर मलमलीचा पडदा बांधायचा. मधल्या दिवसांची नोंद सगुणाबाई वहीत करायची. बाराव्या दिवशी निरोगी रोपावर तशीच कडी उठली, तेव्हा तिनं तारखेखाली दोन रेघा ओढल्या.

दुपारी दोघी एकत्र जेवायच्या. एकदा आगाशेबाईंनी विचारलं, "तुमचं जवळचं कुणी?"

"न्हाई." घास चावून झाल्यावर ती म्हणाली, "तुमी येताय न्हवं गुरवारी."

वर्ष गेलं. रोग विषाणूचा होता, पण माहितीतल्या कुठल्याच विषाणूशी तो जुळेना. शेवटी दिल्लीहून मोठ्या सूक्ष्मदर्शकातून काढलेला त्याचा फोटो आला. राखाडी कागदावर बारीक काड्या विखुरल्यासारख्या दिसत होत्या.

"नवीन आहे, सगुणाबाई," आगाशेबाई म्हणाल्या. "आजवर कुणाला ठाऊकच नव्हता." मग खाली बघत म्हणाल्या, "पण ही सगळी शेवंती जाळावी लागेल. बेणं राहिलं तर तालुकाभर पसरेल."

सगुणाबाईनं मजुरांना वाफ्यात येऊ दिलं नाही. एकेक रोप तिनं स्वतः उपटलं.

"येत जावा मधनं," आगाशेबाई निघताना ती म्हणाली.

"येईन की," आगाशेबाई म्हणाल्या. पण काम संपलं होतं. त्या आल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात टपालानं त्या नव्या विषाणूवरची एक इंग्रजी पुस्तिका आली. सोबत आगाशेबाईंची चिठ्ठी होती, 'शेवटचं पान पाहा.' आश्रमात शिकलेली इंग्रजी अक्षरं आठवत, बोट ठेवून तिनं एकेक जुळवलं. आभारांत तिचं नाव होतं, पुढं केडगाव. आडनाव नव्हतं. तिला ते नव्हतंच.

ती पुस्तिका घेऊन विहिरीवर गेली. कोंडिबा इंजिनाला हँडल लावत होता.

"काय आलं टपालात, मावशी?"

"माझं नाव आलंय."

"बरं झालं," म्हणत त्यानं हँडल फिरवलं. इंजिन धडधडू लागलं. तो पाठमोरा होऊन पाटाकडं निघून गेला. सगुणाबाई ते पान उघडं धरून तिथंच उभी राहिली.